पोकळ ब्रेडेड दोऱ्याचा बिनगाठीचा सांधा, घरच्या हत्यारांनी

येलदरी असो, माजलगाव असो की नाथसागर, मराठवाड्याच्या धरणांत गळ टाकणाऱ्याचा दोरा शेवटी दोन गोष्टींवर घासतो. एक म्हणजे पाण्याखाली गेलेल्या बाभळींचे बुंधे, दुसरा काळा खडक. ब्रेडेड, म्हणजे बारीक पदर विणून केलेला दोरा ओढीला कितीही दणकट असला तरी खडकाच्या धारेवर दोन घिसे बसले की सुटतो. म्हणून त्याच्या पुढे दोन-चार मीटर जाड तंगूस, म्हणजे न विणलेला एकसंध दोरा, जोडावा लागतो, त्यालाच लीडर म्हणतात. मग जोडाचा प्रश्न येतो. ब्रेड घसरट आणि बारीक, तंगूस कडक आणि जाड. दोघांची गाठ मारली तर ती फुगते, फेकताना रॉडच्या कड्यांवर टकटक आदळते, आणि मोठा कटला किंवा शिवडा लागला की नेमकी तिथेच तुटते. साध्या गाठीत ब्रेडची जवळजवळ निम्मी ताकद वाया जाते, कारण गाठीतल्या आवळत्या वळणात दोरा स्वतःलाच कापतो.

पोकळ विणीच्या दोऱ्यात गाठ टाळता येते. तंगूस सरळ त्याच्या पोटात सरकवायचा. हे काम महागड्या आयात सुयांनी करतात, पण गिटारच्या तारेची आणि इंजेक्शनच्या सुईची हत्यारंही तेवढंच चोख काम देतात.

पकड कुठून येते

पायजम्याची विणलेली नाडी हातात घ्या. दोन्ही बाजूंनी मध्याकडे ढकलली की ती फुगून नळीसारखी होते, आणि ताणली की चपटी-बारीक होते. पोकळ ब्रेडची वीणही अशीच आहे. ती ढकलून फुगवली की आत काहीही सरकतं. ताणली की आतल्या वस्तूला चहूबाजूंनी आवळते. जितकी ओढ जास्त तितका आवळ जास्त. ही सगळी ताकद घर्षणाची आहे. गोंद आणि टाके तिथे पाहुणे आहेत, घरमालक नाहीत. पुढची प्रत्येक कृती या एका गोष्टीसाठी आहे, आणि सांधा निसटतो तोही याच गोष्टीत कुठेतरी कसूर राहिल्यामुळे.

याच कारणाने सांध्याची खरी परीक्षा ओढ नसताना असते. दोरा ढिला पडला, पाण्यात हेलकावे खात राहिला, की वीण सैल होते आणि आतला भाग केसाएवढा मागे सरकतो. शंभर वेळा केसाएवढा सरकला की सांधा गेला. टाके घालायचे ते ढिलाईत तोंड उघडू नये म्हणून.

दोरा पोकळ आहे का, आधी बघा

बाजारात मिळणारा चार किंवा आठ पदरी ब्रेड बहुतेक वेळा भरीव असतो. दुकानदार त्याला सरसकट नायलॉन म्हणतो. प्रत्यक्षात तो उच्च प्रतीच्या पॉलिथिलीनचा धागा आहे, डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याचीच व्यापारी नावं. हा पाण्यावर तरंगतो, कारण त्याची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी, ०.९७ आहे. पोकळ प्रकार वेगळा मागून घ्यावा लागतो. तो साधारणपणे १६ पदरी असतो आणि ४० पाउंड ओढीच्या ताकदीपासून पुढे मिळतो.

ओळखायची रीत सोपी आहे. एक वीत दोरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून मध्याकडे ढकला. विणीचे डोळे उघडून दोरा पिंजऱ्यासारखा फुगला तर तो पोकळ. नुसता वाकडा होऊन बाजूला गेला तर भरीव, त्यावर सुई चालवत बसू नका. तो दोरा २०-३० पाउंडांचा असेल तर त्याला लीडर जोडायची एफजी नावाची गाठ शिकलेली बरी. ती बारीक बसते आणि हत्यार काही लागत नाही. पोकळ दोरा मुळात समुद्रातल्या ट्यूनासारख्या माशांसाठी आहे. आपल्या धरणांसाठी ६० पाउंड, म्हणजे सुमारे २७ किलो, पुष्कळ झालं. पुढची सगळी मापं त्याच दोऱ्यासाठी दिली आहेत.

पहिलं हत्यार: तारेचा फासा

गिटारची सगळ्यात बारीक, गुंडाळी नसलेली पहिली तार घ्या. नऊ नंबरच्या संचात ती ०.२३ मिलिमीटर जाडीची असते, दहाच्या संचात ०.२५. वाद्यांच्या दुकानात सुटीही मिळते. मोटारसायकलच्या क्लच वायरमधली एक तार उसवूनही काम भागतं, पण ती पिळाची असल्याने तिला नागमोडी वळण बसलेलं असतं. ते काढायला तार स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावरून ताणून पाच-सहा वेळा ओढा. तापवून सरळ करू नका, तिचं पाणी उतरेल आणि ती मऊ पडेल.

७० सेंटिमीटर तार कापा. मधोमध एका बारीक शिवणसुईभोवती दुमडा, मग पकडीने दोन्ही बाजू हलके जवळ आणा. एकदम चेपलीत तर पोलाद मोडतं. नाक पूर्ण मिटवायचं नाही, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढी लांबट फट राहू द्या. आता दोन्ही तारा एकमेकींना समांतर ठेवून मागची टोकं रिकाम्या बॉलपेनच्या नळीत ३-४ सेंटिमीटर खोल घाला आणि अॅराल्डाइट भरून रात्रभर वाळू द्या. बाहेर ३० सेंटिमीटरच्या आसपास फासा राहिला पाहिजे. शेवटी नाक १००० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून गुळगुळीत करा. नाक नायलॉनच्या मोज्यावरून फिरवून बघा. कुठेही अडकलं तर ते विणीतलेही धागे तोडणार.

४० पाउंडी दोऱ्यात ही दुहेरी तार दाटते. तिथे एकेरी तार घ्या, तिच्या मागच्या टोकाला बारीक पॉलिस्टर दोऱ्याचा फास फेविक्विकने चिकटवा, आणि आधी तो दोरा आरपार ओढा. मग त्या दोऱ्याने खरं टोक ओढून घ्यायचं. खाटेच्या नवारीत नाडा ओवतानाही आधी बारीक दोरी जाते आणि मग जाड, तसंच.

दुसरं हत्यार: इंजेक्शनची सुई

तंगूस तारेच्या फाशात दुमडत नाही. दुमडला तर त्याची जाडी दुप्पट होते आणि वीण फाटते. त्याला पुढे टोपी चढवून ढकलावं लागतं. ही टोपी म्हणजे इंजेक्शनची नवी सुई. वापरलेली सुई कुठूनही उचलू नका, औषधाच्या दुकानात नवी नगावर मिळते. जाड सुया जनावरांच्या औषधांच्या दुकानात सहज मिळतात.

गेजचा आकडा जितका लहान तितकी सुई जाड. २० गेजच्या सुईचं बूड पिवळं असतं, तिचा आतला व्यास ०.६० आणि बाहेरचा ०.९१ मिलिमीटर. १८ गेजचं बूड गुलाबी, आत ०.८४, बाहेर १.२७. १६ गेजचं पांढरं, आत १.१९, बाहेर १.६५. जनावरांच्या धातूच्या बुडाच्या सुयांना हा रंग नसतो, तिथे आकडा वाचून घ्या. ०.५५ मिलिमीटरच्या तंगुसाला २० गेज, ०.७५ ते ०.८० ला १८ गेज.

तंगुसाची जाडी वेष्टनावर छापलेली असते, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. पेन्सिलीवर दहा वेढे चिकटून घ्या आणि पट्टीने मोजा. वेढ्यांची रुंदी आठ मिलिमीटर भरली तर तंगूस ०.८० आहे.

सुईचं प्लॅस्टिकचं बूड लायटरवर मऊ करून पकडीने ओढून काढा, धातूचं असेल तर कानशीने चर पाडून मोडा. मोडलेल्या तोंडाला आतून टाचणी फिरवून बारीक कूस काढा, नाहीतर तंगूस आत जाताना सोलला जाईल. पुढचं तिरकं धारदार टोक कानशीने अर्धं खाली आणा, भोकात अॅराल्डाइटचा कण भरा आणि वाळल्यावर पॉलिश पेपरवर ज्वारीच्या कोंबासारखं गोलसर निमुळतं करा. टोक विणीच्या डोळ्यांतून वाट काढेल इतकंच निमुळतं हवं, धागा टोचेल इतकं नाही. हे हत्यार बिघडलं की नव्वद टक्के वेळा टोक जास्त तीक्ष्ण राहिलेलं असतं.

बाकी सामान घरातच असतं: ब्रेड कापायला लहान, खरोखर धारदार कात्री, काळा मार्कर, टिकल्यांएवढे चिकटपट्टीचे तुकडे, बारीक पॉलिस्टर शिलाई दोरा, फेविबॉन्डसारखा रबरी गोंद, आणि कातडी हातमोजे. हे शेवटचं चैनीसाठी सांगितलेलं नाही. ताणलेला ब्रेड उघड्या बोटाला पात्यासारखा कापतो.

लायटर या यादीत नाही. ब्रेडचं टोक जाळून गोळी करायची सवय तंगुसावरून लागलेली असते. हा धागा १५० अंशांच्या आतच वितळतो आणि त्याआधीच आकसतो. जळालेल्या टोकाचा कडक मणी होतो, तो आत गेला की वीण फाडतो.

आधी नाडीवर

पहिला सांधा दोऱ्यावर करू नका. पायजम्याची पोकळ विणीची नाडी दोन मीटर घ्या, सुईऐवजी नाडी घालायची पिन घ्या, आणि खाली दिलेला फास तिच्यावर दोनदा करून पाहा. बाहेरची वीण कशी आखूड होते, सोडली की कशी लांबते, हे नाडीवर डोळ्यांना दिसतं. बारीक दोऱ्यावर ते नुसतं बोटांना कळतं.

काम पहिलं: टोकाला कायमचा फास

फास केला की फासात फास अडकवून लीडर हवा तेव्हा बदलता येतो.

दोऱ्याच्या टोकापासून ३५ सेंटिमीटरवर मार्करने पहिली खूण करा. तिथून पुढे २० सेंटिमीटरवर दुसरी. मधला भाग दुमडून १० सेंटिमीटरचा फास होणार आहे. दुसऱ्या खुणेपासून रीलच्या दिशेने आणखी ३० सेंटिमीटरवर तिसरी. फास मोठा वाटेल, पण लीडरची गुंडाळी त्यातून आरपार गेली पाहिजे, त्यामुळे तो मोठाच हवा.

आता टोकाचे ४ सेंटिमीटर टाचणीने उसवा आणि १६ पैकी निम्मे पदर एकेक करून वेगवेगळ्या लांबीवर कापा. टोक उंदराच्या शेपटीसारखं निमुळतं झालं पाहिजे.

तारेचा फासा तिसऱ्या खुणेवर तिरका आत घाला. विणीचा एक डोळा नखाने उघडा आणि नाक डोळ्यातून जाऊ द्या, पदराच्या मधून नाही. आत गेल्यावर तार दुसऱ्या खुणेच्या दिशेने न्यायची. इथे बरेचजण तार ढकलत बसतात आणि ती मध्येच बाहेर येते. तार जागेवर धरा आणि दोरा तिच्यावर चढवा: पुढे चिमूट धरून थोडा मागे सारायचा, सुरकुत्या पडू द्यायच्या, मग पुढची चिमूट. गांडूळ चालतं तसं आखडून, पसरून. दर ५ सेंटिमीटरला बोटांत दोरा फिरवून बघा, आतली तार सगळीकडून झाकलेली असली पाहिजे. एखाद्या डोळ्यातून तार चमकली तर तेवढी मागे घ्या.

दुसऱ्या खुणेवर नाक बाहेर काढा. निमुळतं टोक नाकात ओवून ३ सेंटिमीटर मागे दुमडा. दोऱ्याला तोंडात धरून थुंकी लावायची रीत आहे. वाटीतल्या पाण्यात बोट बुडवून ओलं केलंत तरी चालतं. ओला दोरा कमी चरचरतो. आता मूठ धरून तार सावकाश मागे ओढा, दुसऱ्या हाताने दोरा फुगवत राहा. अडलं तर जोर लावू नका, बहुतेक वेळा अडलेल्या जागेच्या पुढे वीण ताणलेली राहिलेली असते. तिथे दोरा ढकलून सैल केला की टोक सरकतं. जोर केलात तर फाशाचं नाक उघडतं आणि टोक अर्ध्यात सुटतं. मग सगळं पहिल्यापासून.

टोक तिसऱ्या खुणेवर बाहेर आलं की पहिली आणि दुसरी खूण एकमेकींना भिडवा. हा फासाचा गळा. आता गळा एका हाताच्या चिमटीत पक्का धरून दुसऱ्या हाताने गळ्याकडून टोकाकडे दोरा सुता, गाईची धार काढताना सड ओढतात तसा: वरून पकड, खालपर्यंत एकसारखा दाब, पुन्हा वर. पंधरा-वीस वेळा. सुरकुत्या पुढे सरकत जातील, बाहेरची वीण लांबेल आणि बाहेर आलेलं टोक हळूहळू आत शिरेल. ते आत पूर्ण दिसेनासं झालं पाहिजे.

टोक आत न जाता बाहेर ५-७ सेंटिमीटर लोंबत राहिलं तर पुन्हा थोडं फुगवून बाहेर ओढा, जास्तीचं कापा, परत शेपटी निमुळती करा आणि परत सुता. शेपटी निमुळती करायचा कंटाळा हीच या कामातली सगळ्यात महागात पडणारी आळशी चूक. बोथट टोक आत राहिलं की तिथे जाड दोरा एकदम बारीक होतो, ओढ त्या पायरीवर साचते, आणि दोरा बरोबर त्या पायरीवर तुटतो. सांधा तुटला असं वाटतं, पण सांधा शाबूत असतो.

राहिला टाका. कापलेल्या पदरांपैकी एक लांब पदर किंवा शिलाई दोरा बारीक सुईत ओवा. गळ्यापासून एक सेंटिमीटरवर दोन्ही थरांतून आरपार चार टाके घाला, मग सुई अर्धा फेर फिरवून काटकोनात आणखी चार. टाके बसते ठेवा, आवळू नका. आवळलेला टाका पदर कापतो.

पोटात ३० सेंटिमीटर कशाला, असं वाटू शकतं. जाड बारा पदरी दोरखंडांना व्यासाच्या ७२ पट लांबी पुरते हा प्रचलित नियम आहे, आणि त्या हिशेबाने अर्ध्या मिलिमीटरच्या दोऱ्याला ४ सेंटिमीटरही पुरायला हवेत. पण दोरखंड एकाच दिशेला ताणलेला असतो. गळाचा दोरा दिवसभर ताणला-सोडला जातो, रीलवर वळतो, कड्यांतून जातो. तिथे लांबी हेच स्वस्त विमा आहे. १५ सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका.

काम दुसरं: तंगूस पोटात

हा सांधा कड्यांतून बिनआवाज जातो. तंगूस पोकळीत दाटून बसेल असा निवडा. ६० पाउंडी पोकळ दोऱ्याला ०.७० ते ०.८० मिलिमीटर साधारण जमतं; पण कंपनीगणिक वीण वेगळी असते, म्हणून आधी हातभर तुकड्यावर घालून बघा. ०.५० चा तंगूस त्याच दोऱ्यात ढिला राहतो आणि कितीही लांब घातला तरी सुटतो. फ्लुरोकार्बन कडक आणि गुळगुळीत असतो; साधा मऊ नायलॉन तंगूस वीण अंगात रुतवून घेतो. शिकताना मऊच घ्या.

गुंडाळीचं वळण बसलेला तंगूस आत घालताना कुरकुरतो. पुढचा मीटरभर भाग कोमट पाण्यात दोन मिनिटं ठेवून ताणा, सरळ होतो. त्याचं टोक पॉलिश पेपरवर जरा खरबरीत करून सुईच्या बुडात एक ते दीड सेंटिमीटर खोल दाबून बसवा. ओढून निघाला नाही पाहिजे. ढिला असेल तर फेविक्विकचा अर्धा थेंब, पुढे तो तुकडा कापूनच टाकायचा आहे.

ब्रेडचं टोक ताजं सरळ कापा. उसवू लागण्याच्या आत बोटांनी तोंड फुगवून सुई आत घाला आणि पुन्हा गांडुळाची चाल. सुई जेमतेम ३८ मिलिमीटरची असते, त्यामुळे चिमूट सुईच्या पुढे, दुसरी सुईच्या मागे तंगुसावर. पुढे आखडायचं, मागून ढकलायचं. पहिले १० सेंटिमीटर चिकट जातात, नंतर हात बसतो. ६० सेंटिमीटर आत जाईपर्यंत थांबू नका. मध्ये विश्रांती घ्यायची असेल तर तोंडाजवळ चिकटपट्टीची टिकली लावा, नाहीतर बाहेरची वीण मागे सरकून गेलेली मेहनत परत येते.

६० सेंटिमीटर झाले की सुई विणीच्या डोळ्यातून बाहेर काढा. सुई उपटा, तंगुसाचं टोक ४५ अंशांत तिरकं कापा, आणि ४०० नंबरच्या पेपरवर धार मोडून गोल करा. नुसतं तिरकं सोडलेलं टोक सुईच असते. दहा-बारा फेकींत ते वीण भोसकून बाहेर डोकावतं आणि कड्यांत अडकतं. आता वीण थोडी पुढे ओढून टोक आत झाका. बाहेर काढलेल्या भोकाच्या एक सेंटिमीटर मागे ते राहिलं की भोक सुतल्यावर आपोआप बुजतं.

इथे सुतायची दिशा लक्षात ठेवा. तंगुसाच्या आतल्या टोकाच्या वर, म्हणजे रीलच्या बाजूला, दोरा पक्का धरा आणि तिथून ब्रेडच्या तोंडाकडे सुता. ब्रेडचं तोंड तंगुसावर खाली सरकत जाईल, तुमचा सांधा ६० चा ६५-७० सेंटिमीटर होईल. उलट्या दिशेने सुतलंत तर सगळा आवळ ढिला करून ठेवाल.

तोंडाचे उसवलेले धागे कापून सारखे करा. त्यावर शिलाई दोऱ्याने दीड सेंटिमीटर वेढे द्या: एक सेंटिमीटर ब्रेडवर, अर्धा पुढे उघड्या तंगुसावर. भोवऱ्याला दोरी गुंडाळतात तसे शेजारीशेजारी, एकावर एक नाही. सुरू करण्याआधी दोऱ्याचा छोटा फास सांध्यावर आडवा ठेवा, वेढे त्याच्यावरून द्या, शेवटचं टोक फासातून घालून दुसऱ्या बाजूने फास ओढला की टोक वेढ्यांखाली गडप होतं. वर रबरी गोंदाचा पातळ हात फिरवा आणि चोवीस तास वाळू द्या.

फेविक्विक इथे वापरू नका. पॉलिथिलीनच्या धाग्याला कोणताच गोंद नीट धरत नाही. फेविक्विक नुसता विणीत झिरपून तिला काडीसारखी कडक करतो. मग वीण आवळायची थांबते, आणि कडक-मऊच्या सीमेवर दोरा वाकून वाकून तुटतो. गोंदाचं काम वेढे झाकून गुळगुळीत ठेवणं एवढंच. फेकताना लीडर आधी सुटतो, त्यामुळे हे तोंडच प्रत्येक कड्यावर आदळतं.

काम तिसरं: दोऱ्याला दोरा

रीलवर दोरा कमी पडला किंवा मधला भाग घासला तर दोन पोकळ दोरे जोडता येतात. दोघांच्या टोकापासून ३५ सेंटिमीटरवर खूण करा आणि दोन्ही टोकं निमुळती करा. पहिल्या दोऱ्याच्या खुणेतून दुसऱ्याचं टोक आत घालून ३० सेंटिमीटर न्या, दुसऱ्याच्या खुणेतून पहिल्याचं. दोन्ही खुणा भिडवा, मधून दोन्हीकडे सुता, मध्यावर सहा टाके. पदर बदलतो ती मधली जागा जरा जाड लागेल, पण बोट फिरवल्यावर टोचता कामा नये.

होडीच्या नांगराची किंवा जाळ्याची ६ ते ८ मिलिमीटरची पोकळ दोरीही अशीच सांधली जाते. सुई म्हणून रिकाम्या बॉलपेनची नळी पुरते. दोरीचं टोक नळीत खोचून चिकटपट्टी लावायची, पेनाचं निमुळतं तोंड पुढे. ८ मिलिमीटरच्या दोरीला ७२ पटीचा हिशेब लावा, ५८ सेंटिमीटर पोटात घाला.

बादलीची परीक्षा

तयार सांधा तासभर पाण्यात भिजवा. कोरडा सांधा धरतो आणि ओला सुटतो असं होऊ शकतं. मग ब्रेडचं तोंड जिथे संपतं तिथे तंगुसावर मार्करने रेघ ओढा. आढ्याला किंवा कडुलिंबाच्या फांदीला दोरा अडकवा. फांदीवर थेट बांधू नका, चार-पाच वेढे घेऊन मग बांधा, म्हणजे ओढ गाठीवर येत नाही. खाली १० लिटर पाण्याची बादली टांगा, म्हणजे साधारण ११ किलो, २७ किलोच्या दोऱ्याला तिसऱ्या हिश्शाहून थोडं जास्त. बादली जमिनीपासून वीतभरच वर ठेवा आणि खाली पाय ठेवू नका.

दहा वेळा बादली उचलून दोरा पूर्ण ढिला करा आणि पुन्हा सोडा. झटका देऊ नका. पहिल्या दोन-तीन वेळांत रेघ एक-दोन मिलिमीटर सरकली तर वीण बसते आहे, चालेल. पाचव्यानंतरही सरकत असेल तर सांधा कापा. त्याला गोंद लावून वाचवायला जाऊ नका. मापाचा कापसाचा तोलकाटा घरात असेल तर २० किलोपर्यंत ओढून बघता येतं, हातमोजे घालून.

सुटलेल्या सांध्याकडे नीट पाहिलं तर चूक तोच सांगतो. तंगूस अखंड, गुळगुळीत बाहेर आला तर तो पोकळीला बारीक होता किंवा सुतणं अपुरं राहिलं. तंगुसाच्या अंगावर विणीची जाळी उमटलेली असेल आणि तरी निघाला असेल तर पकड चांगली होती, लांबी कमी पडली किंवा तोंडाचे वेढे सुटले. ब्रेड तुटला असेल तर जागा पाहा: आतल्या टोकाशी तुटला तर टोक बोथट होतं, सुई घातलेल्या भोकाशी तुटला आणि आसपास केस उभे असतील तर सुईने पदर कापले, गोंदाच्या काठाशी तुटला तर गोंद कडक होता.

पाण्यावरून आल्यावर

पोकळ दोऱ्यात पाणी शिरतं आणि पाण्याबरोबर गाळही. काळ्या मातीचा गाळ बारीक असतो खरा, पण काठावरची रेती विणीत अडकली की आतून पॉलिश पेपरसारखी घासते. दोरा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा, आणि मगच रीलवर आवळून घ्या. ढिला गुंडाळलेला दोरा मोठ्या माशाच्या ओढीला स्वतःच्याच वेढ्यांत रुतून बसतो. दर चार-पाच फेऱ्यांनंतर तोंडाचे वेढे नखाने चाचपा. सुटत असतील तर वेढे काढून नवे द्या, सांधा उसवायची गरज नसते.

गळ टाकण्याआधी जलाशयाचा मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार संस्थेकडे आहे ते विचारून घ्या. नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाचा नियम चालतो. आणि कापलेल्या दोऱ्याचे तुकडे काठावर टाकू नका. हा धागा कुजत नाही, तरंगतो, आणि थंडीत उतरणाऱ्या पाणपक्ष्यांच्या पायांत वेढे घेतो. खिशात एक रिकामी काडेपेटी ठेवली की दिवसभराचे सगळे तुकडे तिच्यात मावतात.